काकींच्या कागदाची शेवटची ओळ

मंगळवार, सकाळचे नऊ वाजून चाळीस मिनिटं. दुकानाचं शटर अजून अर्ध्यावर होतं आणि काकी स्टुलावर बसून दुसऱ्याच कोणाच्या तरी स्वेटरची डावी बाही उसवत होत्या. बाही बँकेतल्या एका बाईंनी विणली होती आणि ती उजवीपेक्षा तीन बोटं लांब झाली होती. उसवण्याआधी काकींनी रीतसर विचारून घेतलं होतं, "तुमच्या यजमानांचा एक हात लांब आहे का? असेल तर राहू देते." नव्हता.

काकींचं लोकरीचं दुकान आठ फूट रुंद आणि अकरा फूट लांब आहे. वर दातांचा दवाखाना. जिन्यावरून हळूहळू, कठडा धरून उतरणारं पाऊल आलं की काकी मान वर करत नाहीत. ते गिऱ्हाईक नसतं. सत्तावीस वर्षं त्या या स्टुलावर बसतात. वय एकसष्ट. लोकर त्यांनी रंगाप्रमाणे लावलेली नाही, जाडीप्रमाणे लावलेली आहे. त्यामुळे लांबून दुकान जरा विस्कटलेलं दिसतं, पण हवा तो गुंडा सापडायला त्यांना चार सेकंदांच्या वर लागत नाहीत.

स्टुलामागे पत्र्याचं कपाट आहे आणि त्यात चार जाड फायली. फायलींमध्ये एकशे बारा नमुने, सगळे काकींच्या हाताने फुलस्केप कागदावर लिहिलेले. लोकर घेतली की नमुन्याची झेरॉक्स फुकट मिळते. या कागदांना दोन खोडी आहेत. पहिली अशी, की मोजणी जिथे अवघड होते त्या ओळीआधी काकी लिहितात, "इथे चहा घ्या." थकलेल्या डोळ्यांनी टाके विभागले की बाही पाठीवर येते, हे त्यांनी अनुभवाने शिकलेलं आहे. दुसरी खोड म्हणजे शेवटची ओळ. नमुन्यातली कुठली युक्ती कोणाकडून आली, ते तिथे लिहिलेलं असतं. मोज्याची टाच अमक्या शेजारणीची, टोपीचा शेंडा तमक्या शिंपीणबाईंचा.

ही पद्धत कुठल्या मोठ्या तत्त्वातून आली असं कोणी समजू नये. काकींना पहिला नमुना त्यांच्या थोरल्या जाऊबाईंनी दिला होता आणि देताना बजावलं होतं, "माझं नाव न सांगता कोणाला दिलास तर गाठ माझ्याशी आहे." जाऊबाईंशी गाठ म्हणजे काय, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. काकी घाबरून नाव लिहू लागल्या आणि पुढे हाताला सवय लागली.

त्या मंगळवारी दहाच्या सुमाराला चिटणीसबाई आल्या. गावातल्या मुलांच्या रुग्णालयासाठी विणकाम करणारं बायकांचं एक मंडळ आहे, त्याच्या या चिटणीस. त्या वाक्याची सुरुवात नेहमी आकड्याने करतात.

"नव्वद गुंडे, फिकट पिवळे, मऊ. साठ स्वेटर करायचेत. अठरा जणी आहोत. आणि हा नमुना जरा बघून द्या, लोकर पुरेल ना?"

त्यांनी छापील कागद पुढे केला. "इंटरनेटवर सापडला. फार डोकं चालवलंय हो कोणीतरी. हाताला सलाईन लावलेल्या बाळालाही घालता येतो, हात उचलायलाच लागत नाही. बाही गळ्यापासून मनगटापर्यंत उघडते. गुरुवारी अकराला छापायला देणार, शुक्रवारी वाटणार. आणि एक प्रत फ्रेम करून मुलांच्या वॉर्डात लावणार, रचना करणारीच्या नावासकट. मी तर तिला आभाराचं पत्रसुद्धा पाठवलं."

काकींनी चष्मा लावला. अठ्ठावन्न टाके, दोन उलटे, दोन सुलटे. सगळं सरळ होतं. बत्तीसाव्या ओळीनंतर मात्र त्या थांबल्या. तिथे सुबक टायपात छापलं होतं: इथे चहा घ्या.

"चिटणीसबाई, हा चहा इथे कसा आला?"

"आम्हालाही गंमत वाटली! पण आम्ही घेतला हं. त्या ओळीला खरंच लागतो."

काकींनी आपलाच तो नमुना शेवटपर्यंत वाचला. खाली नक्षीची एक तुटक रेघ होती आणि रेघेखाली लिहिलं होतं: रचना आणि मांडणी, 'ऊबदार खोली'. खांद्याची युक्ती कोणाची याचा उल्लेख नाही, गळ्याची कोणाची याचाही नाही.

गळ्याचं एक वेळ चाललं असतं. खांदा, म्हणजे ती गळ्यापासून उघडणारी बाही, मात्र सिस्टरांचा होता. सिस्टर म्हणजे त्याच रुग्णालयात, त्याच मुलांच्या वॉर्डात एकतीस वर्षं नोकरी केलेल्या नर्सबाई. त्या अजून हयात होत्या, दोन गल्ल्या सोडून राहत होत्या आणि त्यांचं डोकं शाबूत होतं. ज्या वॉर्डात त्यांना ती युक्ती सुचली, तिथल्याच भिंतीवर शुक्रवारी भलत्याच नावाची फ्रेम लागणार होती.

"छपाई गुरुवारी अकराला ना?" काकींनी विचारलं. "मग बुधवारी संध्याकाळी माझ्याकडून कागद घेऊन जा. हा छापू नका."

"का? चुकलाय?"

"टाके बरोबर आहेत. माणसं चुकलीत."

दुपारी जेवणाच्या सुट्टीत काकींची भाची आली. ही त्यांच्या भावाची मुलगी, वय चाळीस, एका वकिलाकडे टायपिस्ट. अठरा वर्षं नोटिसा टाइप करून करून तिला जगातल्या प्रत्येक दुखण्यावर नोटीस हेच औषध दिसतं. तिने डबा उघडण्याआधी फोन उघडला.

"ही बघ आत्या तुझी ऊबदार खोली. चॅनेल आहे. बाईचे केस छान आहेत. आणि हा तुझा स्वेटर. डाउनलोड, नऊ हजार चारशे."

"नऊ हजार चारशे माणसांनी बत्तीसाव्या ओळीला चहा घेतला?"

"आत्या, तू खूश होतेयस!"

"जराशी," काकी म्हणाल्या. "आता रागवते."

"पंधरा दिवसांची नोटीस पाठवू. मजकूर तयार आहे माझ्याकडे, फक्त नाव बदलायचं."

"म्हणजे तोही दुसऱ्या कोणाचा उचललेला?"

"वकिली मजकूर सगळ्यांचाच असतो," भाची तोंडात घास ठेवून म्हणाली आणि मग ती स्वतःच थोडी विचारात पडली.

नोटीस मागे पडली आणि फोन लागला. चॅनेलवालीने नंबर उघडच दिलेला होता. आवाज तिशीतला वाटत होता, चुणचुणीत, आणि मागे कुकर चालू होता.

"मी लोकरीच्या दुकानातून बोलतेय," काकी म्हणाल्या.

"कुठल्या हो?"

"ज्यातून तुम्ही खांदा नेलात त्या."

दोन वाक्यांत विषय स्पष्ट झाला. चॅनेलवाली गोड बोलली, पण हटली नाही. "काकी, अहो तो नमुना सगळीकडे फिरतोय. तीन-तीन ग्रुपवर आला मला. इंटरनेटवर आहे म्हणजे तो कोणाचा म्हणून नाहीच."

"दारात लावलेली सायकल कोणाची म्हणून नसते का?"

"पण सायकल नेली तर तुमच्याकडे उरत नाही. नमुना तुमच्याकडे आहेच की अजून!"

काकींनी चष्मा काढून पुसला. हे त्यांना सुचलं नव्हतं, आणि खोटंही नव्हतं. भाचीने हाताने खूण केली, बोल, बोल.

"बरं," काकी म्हणाल्या, "नेलीत तरी माझ्याकडे सायकल उरली. मान्य. मग तुमच्याकडच्या सायकलवर तुमचं नाव कशाला रंगवलंत?"

आता पलीकडे कुकरची एक शिट्टी झाली. मग चॅनेलवाली जरा दुखावलेल्या आवाजात म्हणाली, "मी नुसतं उचललं नाहीये हो. मूळ नमुना फक्त सहा महिन्यांच्या बाळाचा होता. एक, दोन आणि तीन वर्षांची मापं मी काढलीत. आठ दिवस वही घेऊन बसले होते. चोर आठ दिवस बसतो का?"

"आणि चहा?"

"मला वाटलं, जुन्या लोकांची काहीतरी पद्धत असेल."

"जुने लोक म्हणजे मीच," काकी म्हणाल्या. "चहाचं जाऊ दे. शेवटची ओळ का कापलीत तेवढं सांगा. खांदा कोणाचा, गळा कोणाचा, ते लिहिलेलं होतं तिथे."

"कुठली ओळ? काकी, देवाशपथ, अशी ओळ नव्हती. थांबा, माझ्याकडे जो फोटो आला तोच पाठवते."

फोटो आला. एका झेरॉक्सचा फोटो होता, कोपऱ्यात कपाचा गोल डाग. अक्षर काकींचं होतं यात शंका नाही. पण एकाहत्तराव्या ओळीनंतर कागद संपत होता. अगदी खालच्या कडेला एक आडवी तुटक रेघ होती, तिच्यावर कुठे ठिपका, कुठे हुकासारखा छोटासा आकडा. चॅनेलवालीच्या कागदावरची नक्षी हीच. तिने ती मनापासून, ठिपक्यांसकट उतरवली होती.

"नक्षी छान काढली होतीस आत्या," भाची म्हणाली.

"मी आयुष्यात नक्षी काढलेली नाही," असं म्हणत काकींनी कपाटातून मूळ फुलस्केप काढला आणि फोनशेजारी ठेवला. शेवटची ओळ जागेवर होती: खांदा सिस्टरांचा, गळा थोरल्या जाऊबाईंचा, चहा माझा. भाचीने फूटपट्टी घेतली आणि अक्षरांचं अंग झाकलं. वर उरली फक्त शिरोरेषा. सात शब्द, सात तुकडे. ठिपके म्हणजे अनुस्वार, आकडे म्हणजे वेलांट्या आणि मात्रा.

भाचीला हसू फुटलं. काकींना फुटलं नाही. त्यांनी कपाटातला झेरॉक्सचा गठ्ठा खाली ओढला. मोज्यांचा कागद, टोपीचा, शालीचा, प्रत्येकाच्या तळाशी तीच तुटक रेघ. काकींच्या डोळ्यांसमोर कायम मूळ कागद असायचा आणि गिऱ्हाइकाच्या हातात कापलेला. एकमेकांशी ताडून पाहायचं कारणच कधी पडलं नव्हतं.

झेरॉक्सचं दुकान दोन दारं सोडून आहे. झेरॉक्सवाल्याने कागद उलटापालटा करून पाहिला आणि लगेच निदान केलं.

"फुलस्केपचा ट्रे जुन्या मशीनला होता काकी. हे नवीन ए-फोरचं. नऊ वर्षं झाली येऊन. खालचा सव्वा इंच जातो."

"मग मला सांगायचं नाही?"

"सांगितलं की! पहिल्याच दिवशी विचारलं, खालून थोडं जातंय, चालेल का? तर तुम्ही म्हणालात, जाऊ दे रे, खाली काय असतं."

काकींना हे आठवत नव्हतं. पण घाईत असलं काही बोलणारी बाई कोण, हे त्यांना ताबडतोब ओळखू आलं.

म्हणजे सिस्टरांचं नाव आधी काकींनीच कापलं होतं. तेही नऊ वर्षं, रोज, फुकट. चॅनेलवालीने एवढंच केलं की रिकामी जागा दिसली तिथे स्वतःचं नाव टाकलं. ती चूक होतीच, पण ती दुसरी चूक होती. पहिलीची कबुली द्यायला दोन गल्ल्या पलीकडे जावं लागणार होतं. काकींनी सिस्टरांना फोन करून पाचची वेळ घेतली. चिटणीसबाईंच्या छपाईला तेव्हा दोन दिवसांहून थोडा कमी वेळ होता.

सिस्टर चौऱ्याऐंशी वर्षांच्या आहेत आणि पहिल्या मजल्यावर राहतात. टेबलावर गोळ्यांच्या पट्ट्या ओळीने लावलेल्या, प्रत्येकीवर निळ्या शाईत वेळ. दार त्यांनीच उघडलं, पण आधी घड्याळ बघितलं.

"पाच म्हणाली होतीस. पाच वाजून सात मिनिटं झाली."

"जिना चढत होते, सिस्टर."

"जिना मीही चढते. बस."

काकींनी वाटेत एक वाक्य तयार केलं होतं. ते खुर्चीवर बसताक्षणी विसरल्या. मग त्यांनी घडलं तसं सांगितलं: मशीन, सव्वा इंच, चॅनेल, फ्रेम. संपल्यावर सिस्टरांनी विचारलं, "किती वर्षं?"

"नऊ."

"नऊ वर्षं माझा खांदा बेवारशी फिरतोय?"

"हो."

"आणि आता ज्या बाईच्या नावावर लागला, ती कुठल्या पाळीची?"

"ती नर्स नाही, सिस्टर. घरी बसून व्हिडिओ करते."

"मग ठीक. मला वाटलं रात्रपाळीची असेल."

यावर काकींना जे ऐकायला मिळालं ते त्यांनी पूर्वी तुकड्यातुकड्याने ऐकलेलं होतं, सलग कधी नाही. कडाक्याच्या थंडीत सात महिन्यांचं एक बाळ वॉर्डात आलं. डाव्या हाताला सुई लावलेली, अंगात आजीने विणलेला स्वेटर, आणि बाही निघेना. सिस्टरांनी पट्ट्या कापायची कात्री घेतली आणि गळ्यापासून मनगटापर्यंत स्वेटर सरळ उभा फाडला. आजीने वॉर्ड डोक्यावर घेतला. त्या दिवशी घरी जाऊन सिस्टरांनी ती फाडलेली रेघ लोकरीत विणून काढली. सहा टाक्यांची पट्टी, पाच बटणं, आणि बटणं बरोबर खांद्याच्या कडेवर, म्हणजे बाळ पाठीवर झोपलं तरी टोचत नाहीत. चौथ्या दिवशी स्वेटर वॉर्डात आला.

"आणि पाचव्या दिवशी," सिस्टर म्हणाल्या, "त्या रात्रपाळीवालीने तो मोठ्या डॉक्टरांना दाखवला. सकाळी सहाच्या फेरीला! माझी पाळी आठला सुरू व्हायची. आठ वाजता मी पोचले तर डॉक्टर तिची पाठ थोपटून गेलेले. तुम्ही लोक इंटरनेटला नावं ठेवता. आमच्या वेळी इंटरनेट नव्हतं, रात्रपाळी होती."

"तुम्ही सांगितलं नाहीत डॉक्टरांना?"

"एकतीस वर्षं सांगितलं. दर बदलीला नवीन डॉक्टर यायचा, मी त्याला सांगायचे." सिस्टरांनी पाणी घेतलं. "उद्या मी गेले की मला खांदा द्यायला कितीही जण येऊ देत. आत्ता माझा खांदा मला दे."

"त्यासाठीच आले. नवीन कागद लिहिते. खाली ठळक अक्षरात..."

"खाली?" सिस्टर ताठ झाल्या. "औषधाचं नाव मी बाटलीच्या बुडाला लिहायचे का? वर लिही. पहिल्या ओळीत. कापायचंच असेल तर माणसाने आधी माझं नाव वाचून मग कापावं."

काकींनी पिशवीतून वही काढली. "नाव कसं लिहू? पूर्ण?"

"नाव नको. त्या नावाच्या आम्ही तिघी होतो वॉर्डात. 'मुलांचा वॉर्ड, दिवसपाळी' असं लिही. दिवसपाळी मोठ्या अक्षरात."

"आणि त्या आजी? स्वेटर मूळचा त्यांचा होता."

"तिने फक्त शिव्या दिल्या," सिस्टर म्हणाल्या. मग त्यांनी उलट विचारलं, "त्या चॅनेलवाल्या पोरीने मोठी मापं काढली म्हणालीस. ती बरोबर आहेत का?"

"अजून पाहिलं नाही."

"मग माझ्याकडे काय आलीस? आधी विणून बघ. चुकीची असतील तर तिचं नाव उडव. बरोबर असतील तर ठेव. राग आला म्हणून बरोबर औषध फेकून देत नाहीत."

बुधवारी सकाळी काकींनी बँकेतल्या बाईंची बाही बाजूला ठेवली आणि सुया घेतल्या. दोन वर्षांच्या मापाला चौऱ्याहत्तर टाके. विभागणी चौतीस, सहा, चौतीस. खांदा साडेअकरापर्यंत उतरला आणि अगदी नीट उतरला; पट्टी कुठे ओढली जात नव्हती की फुगत नव्हती. काकींनी तो तीनदा उलटसुलट करून पाहिला. काहीतरी चूक सापडावी अशी त्यांची थोडी इच्छा होती, हे त्यांनी नंतर भाचीजवळ कबूल केलं. सापडली ती एकच, तीही तीन वर्षांच्या मापात, हिशेब करताना. बाही लांब झाली होती, पण बटणं पाचच राहिली होती.

दुपारी भाची डबा घेऊन आल्यावर त्यांनी पुन्हा फोन लावला.

"तीन वर्षांच्या मापाला सहावं बटण लागेल," काकी म्हणाल्या.

"हो?" पलीकडे कागद चाळल्याचा आवाज आला. "अय्या, खरंच की. थँक यू. मला वाटलं तुम्ही रागावून फोन केलात."

"राग आहेच. पण बटण वेगळं, राग वेगळा." मग काकींनी मूळ फुलस्केप समोर ओढला. "आणि ती ओळ. ती तुम्ही कापली नव्हती, मी कापली होती. म्हणजे झेरॉक्स मशीनने कापली, पण मशीनला मी हो म्हटलं होतं. तुमची ती नक्षी आहे ना, ती नक्षी नव्हे. माझ्या अक्षरांच्या शिरोरेषा आहेत."

चॅनेलवाली हसत सुटली, ते इतका वेळ की भाचीने फोन चालू आहे ना ते पाहिलं.

"काकी, मी त्या ठिपक्यांवर एक तास घालवला हो! एक ठिपका डावीकडे सरकला होता तो पुन्हा नीट केला!"

"तो जाऊबाईंचा अनुस्वार होता. त्या स्वतःही कुठे सरकत नाहीत."

हसणं ओसरल्यावर ती म्हणाली, "पण काकी, खाली नाव नव्हतं म्हणून मी माझं टाकलं, ते चुकलंच. निदान 'कोणाचं ते माहीत नाही' एवढं तरी लिहायला हवं होतं. काढून टाकू का सगळं?"

"काढू नका. मापं चांगली आहेत. सुलटा टाका काय, उलटा काय, ते कोणाच्याच बापाचे नाहीत, खुशाल वापरा. पण युक्ती कोणाची तरी असते, तेवढं लिहा. आणि मापांपुढे तुमचं नाव मी लिहितेय."

"माझं? तुमच्या कागदावर?"

"आठ दिवस बसलात ना?"

संध्याकाळी चॅनेलवर नवीन फाईल चढली. आधी गेलेल्या नऊ हजार चारशे प्रती गेल्या त्या गेल्या. त्या परत बोलावण्याची सोय कुठेच नाही. तिने एक खुलासा टाकला. तो गुरुवार सकाळपर्यंत सहाशे जणांनी वाचला. त्यातल्या एकीने खाली विचारलं होतं, चहाऐवजी कॉफी चालेल का.

काकींनी नवीन कागद ए-फोरवर लिहिला. सगळ्यांत वर, पहिल्या ओळीआधी, चार ओळी आल्या:

खांदा: मुलांचा वॉर्ड, दिवसपाळीच्या सिस्टर.
गळा: थोरल्या जाऊबाई.
एक ते तीन वर्षांची मापं: 'ऊबदार खोली'.
चहा, आणि नऊ वर्षं कापलेली ओळ: दुकानातल्या काकी.

"शेवटचं कशाला लिहिलंस?" भाचीने विचारलं. "कोर्टात हे अंगाशी येतं."

"कोर्टात कोण चाललंय? आणि दुसऱ्यांचं नाव घ्यायचं म्हटल्यावर आपलं काय काय आहे तेही सांगावं."

जाऊबाईंना नऊ वर्षांचं कळवायचं की नाही, यावर दोघींनी बराच खल केला. शेवटी न कळवायचं ठरलं.

बुधवारी संध्याकाळी ठरल्याप्रमाणे चिटणीसबाई कागद न्यायला आल्या. त्यांनी तो वाचला, पुन्हा वाचला, आणि त्यांना एकच अडचण दिसली.

"चार ओळी वर गेल्या. मंडळाचं बोधचिन्ह कुठे बसवू? ते नेहमी वर असतं."

"तळाला बसवा," काकी म्हणाल्या.

"आणि छपाईत कापलं गेलं तर?"

"मग तुम्ही गुरुवारी अकराला तिथे उभ्या राहून बघाल. मी राहिले नव्हते."

चिटणीसबाई खरोखरच उभ्या राहिल्या. साठ प्रती निघाल्या, प्रत्येकीची खालची कड त्यांनी पट्टीने तपासली, आणि मशीनवाल्याने त्यांना खुर्ची देऊ केली ती नाकारली. शुक्रवारी अठरा जणींना कागद वाटले गेले. फ्रेम त्याच दुपारी मुलांच्या वॉर्डात, औषधांच्या कपाटाशेजारी लागली. सिस्टरांना आता रुग्णालयाचे मजले चढवत नाहीत, म्हणून चिटणीसबाईंनी फोटो पाठवला. सिस्टरांनी भिंग लावून तो पाहिला आणि उलट फोन केला. आभार मानले. मग म्हणाल्या, दिवसपाळी हा शब्द अजून मोठा चालला असता. रुग्णालयात सध्या जी मेट्रन आहे ती तरुणपणी रात्रपाळीला होती, तिला वाचता यायला हवा.

राहिले बाकीचे नमुने. झेरॉक्सवाल्याने फुलस्केप छोटा करून ए-फोरवर बसवून देण्याची तयारी दाखवली होती. भाचीने सगळं टाइप करून द्यायचं कबूल केलं होतं. काकींनी दोघांनाही नको म्हटलं. अक्षर बारीक झालं की टाके चुकतात; आणि टाइप करणाऱ्या बाईला कुठली युक्ती कोणाची हे कसं कळणार? ते फक्त काकींना माहीत आहे, आणि काही ठिकाणी त्यांनाही लोकांकडे जाऊन पुन्हा विचारावं लागतं. शालीच्या कडेवरून दोन शेजारणींत आत्ताच वाद चालू आहे. दोघींची नावं लिहिली आहेत, मध्ये प्रश्नचिन्ह.

त्या बुधवारपासून काकी रोज एक कागद उतरवतात, शटर अर्ध्यावर असताना. रविवारी दुकान बंद असतं. आज सोमवार. एकशे बारांपैकी सतरा झाले, पंचाण्णव राहिले. उद्याचा अठरावा कागद बिनबोटांच्या हातमोज्यांचा आहे. त्यातल्या अंगठ्याची युक्ती पोस्टमनच्या आईची, आणि वर आईचं नाव कसं लिहायचं ते त्यालाच विचारायचं आहे. पोस्टमन या गल्लीत रोज पावणेअकराला येतो.